दुसरा पाय : फुगलेल्या नीलांच्या उपचारांचा इतिहास

रोमच्या इतिहासात गायस मारियस या सेनापतीचे नाव मोठे आहे. तो सात वेळा कॉन्सल झाला आणि त्याने रोमच्या सैन्याची घडी नव्याने बसवली. प्लुटार्कने त्याच्या चरित्रात एक लहानसा प्रसंग सांगितला आहे. मारियसच्या दोन्ही पायांवरच्या शिरा फुगून त्यांच्या गाठी झाल्या होत्या. ते विद्रूप त्याला सहन होईना, म्हणून त्याने शस्त्रवैद्याला बोलावले. त्या काळी भूल ठाऊक नव्हती. रोग्याला बांधून ठेवूनच शस्त्र चालवीत. मारियसने बांधून घेण्याचे नाकारले, एक पाय पुढे केला आणि शिरा कापून काढीपर्यंत तोंडातून हूं की चूं काढले नाही. पण वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र त्याने तो पाय मागे घेतला. मिळणारा गुण या यातनांच्या मोलाचा नाही, असे त्याचे म्हणणे पडले.

आज आम्ही ज्या इतिहासाकडे वळत आहोत, त्याचा सारा प्रश्न मारियसच्या या एका निर्णयात सामावला आहे. उपचार रोगापेक्षा महाग पडत असेल तर शहाणा माणूस रोगच पत्करतो. मारियसच्या वेळेपासून आजपर्यंतच्या दोन हजार वर्षांत वैद्यकाने या विकारात जे काही केले, ते सारे हा तराजू उलट बाजूला झुकवण्यासाठी केले. तो झुकला काय, आणि कोणासाठी झुकला, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

विषय क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. प्लेगने गावे ओस पडली, पटकीने घरेच्या घरे बसली, त्यांचा इतिहास लिहावा हे ठीक. पायाच्या शिरा फुगल्याने माणूस सहसा मरत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच या रोगाकडे इतकी शतके दुर्लक्ष झाले. आमच्या ओळखीचे एक वृद्ध नाभिक होते. दिवसाचे दहा तास खुर्चीमागे उभे राहून त्यांनी तीन पिढ्यांची डोकी केली. संध्याकाळी त्यांचे पाय जड होत, घोटे सुजत, रात्री पोटरीत गोळे येत. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली, खाजू लागली, आणि एके दिवशी तेथे जखम झाली. हळद झाली, झाडपाला झाला, नाना तऱ्हेची मलमे झाली. जखम भरे आणि पुन्हा फुटे. आठ वर्षे ते पायाला फडके गुंडाळून उभे होते. दवाखान्यात का जात नाही, असे विचारले की म्हणत, “दुकान बंद ठेवून तिथं पडून राहिलो, तर घरात चूल कोण पेटवील?” त्यांनी प्लुटार्क वाचला नव्हता, पण उत्तर मारियसचेच दिले होते.

हा विकार माणसाइतकाच जुना असावा. अथेन्स येथे सापडलेली ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील एक शिळा तेथील संग्रहालयात आहे. एक भक्त आपल्याएवढा मोठा पाय दोन्ही हातांनी धरून उभा आहे, आणि त्या पायावर फुगलेली शीर स्पष्ट कोरली आहे. आमाइनोस नावाच्या आरोग्यदायी वीराला वाहिलेला तो नवस आहे. आपल्याकडे डोळे, हात, पाय यांच्या चांदीच्या प्रतिमा देवाला वाहतात, त्यातलाच हा प्रकार. हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत, पायावर व्रण असताना उभे राहणे अपायकारक आहे, अशा अर्थाचा इशारा आहे. पहिल्या शतकातील केल्ससने शीर डागून किंवा कापून काढण्याची रीत वर्णिली आहे. सुश्रुतसंहितेत दुर्बळ माणसाच्या अतिश्रमाने होणाऱ्या सिराज ग्रंथीचे वर्णन येते. आजचे काही अभ्यासक तिचा या विकाराशी संबंध जोडतात. ते कोणी मान्य करो वा न करो, व्रणांसाठी चौदा प्रकारचे बंध सांगणाऱ्या सुश्रुताला पट्टीचे मोल पुरते ठाऊक होते, यात शंका नाही.

म्हणजे कापणे, डागणे आणि बांधणे हे तिन्ही उपाय प्राचीनांना माहीत होते. ठाऊक नव्हते ते एवढेच की शीर फुगते का. दूषित द्रव्ये खाली उतरून पायात साठतात, असा समज होता. त्यातूनच, व्रण हा ती घाण बाहेर पडण्याचा मार्ग आहे, तो बुजवला तर घाण आत राहील आणि मोठा रोग होईल, अशी भीती निघाली. युरोपात ती शतकानुशतके टिकली. कारण चुकीचे समजले की उपचार न करणे हाच शहाणपणा ठरतो. आजही खेड्यापाड्यांत, “वाहतंय ते वाहू दे, आत राहण्यापेक्षा बरं,” असे बोल ऐकू येतात. त्यांची मुळे फार खोल आहेत.

या अंधारात पहिला दिवा इटलीतील पादुआ येथे लागला. तेथील शारीरशास्त्राचा अध्यापक फाब्रिसियस याने नीलांच्या आतील बारीक पडदे 1574 मध्ये पाहिले आणि 1603 मध्ये त्यांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पडदे त्याने अचूक दाखवले, पण त्यांचे काम त्याला उलगडले नाही. रक्त वेगाने खाली धावून हातापायांत साचू नये म्हणून निसर्गाने हे बांध घातले आहेत, असे तो समजला. त्याच्याच हाताखाली शिकून 1602 मध्ये पदवी घेतलेल्या विल्यम हार्वी या इंग्रज विद्यार्थ्याने ते कोडे सोडवले. दंडाला पट्टी बांधून, फुगलेल्या शिरेवर बोट फिरवून त्याने दाखवले की नीलेतले रक्त हृदयाकडे जाते, उलट जात नाही. पडदे म्हणजे एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा आहेत. 1628 मधील त्याच्या ग्रंथाने रक्ताभिसरणाचा सिद्धांत प्रस्थापित केला. रॉबर्ट बॉइलने लिहून ठेवले आहे की ही कल्पना कशी सुचली असे विचारता हार्वीने या झडपांकडेच बोट दाखवले होते. गुरूने जे पाहिले त्याचा अर्थ शिष्याने लावला. विद्येच्या इतिहासात असे नेहमी घडते.

या झडपांचे काम आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीवरच्या पंपाच्या नळाला तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो वर चढलेले पाणी खाली पडू देत नाही. तो गळू लागला की इंजिन कितीही धडधडले तरी पाणी चढत नाही. पायात अशा झडपा ओळीने बसवलेल्या आहेत आणि पोटरीचे स्नायू हा पंप आहे. माणूस स्वस्थ उभा राहिला म्हणजे घोट्याजवळच्या नीलेत पाऱ्याच्या सुमारे 90 मिलिमीटर दाब असतो. तो चालू लागला की पोटरी दर पावलाला रक्त वर ढकलते आणि दाब 30 किंवा त्याच्याही खाली येतो. झडपा निकामी झाल्या तर ढकललेले रक्त पुन्हा खाली येते आणि चालूनही दाब उतरत नाही. वर्षानुवर्षांच्या त्या दाबाने शीर फुगते, सूज येते, रक्ताचे कण झिरपून कातडी काळवंडते, आणि अखेर क्षुल्लक खरचटण्याचाही व्रण होतो. व्रण घोट्याशी असतो, पण नासलेली झडप पुष्कळदा वर जांघेत असते. घोट्यालाच मलम लावीत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

हार्वीच्या ज्ञानाचा उपयोग रोग्याच्या पायापर्यंत पोचायला मात्र अडीचशे वर्षे लागली. दुसऱ्या चार्ल्स राजाचा शस्त्रवैद्य रिचर्ड वाइझमन याने 1676 मध्ये फुगलेल्या शिरा आणि व्रण यांचा संबंध स्पष्ट सांगितला व नाडीने आवळण्याचा चामडी मोजा वापरला. खरे पाऊल जर्मनीत बॉन येथे फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग याने 1890-91 च्या सुमारास टाकले. रोग्याला निजवून त्याचा पाय वर करावा, शीर रिकामी झाली की मांडीत ती दाबून धरावी, रोग्याला उभे करावे आणि बोट काढावे. रक्त वरून खाली धबकन उतरले तर झडप गेली असे समजावे. मग ती शीर मांडीतच बांधून तोडावी. या साध्या परीक्षेत पहिल्यांदाच कारण आणि उपचार एकत्र आले. पुढे शस्त्रवैद्यांची गाठ मांडीतून वर जांघेपर्यंत सरकली. अमेरिकेत केलरने 1905, चार्ल्स मेयोने 1906 आणि बॅबकॉकने 1907 मध्ये शीर सबंध ओढून काढण्याच्या पद्धती काढल्या. बॅबकॉकची तार शिरेत घालून ती शीर सोलून काढण्याची रीत जवळजवळ शतकभर चालली. भूल आल्यामुळे मारियसच्या यातना टळल्या. परंतु रुग्णालयातला मुक्काम, काळेनिळे पडलेले पाय आणि कामावरची रजा टळली नाही.

याच्या जोडीने बांधण्याचा उपायही सुधारत गेला. हॅम्बुर्गचा त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उन्ना याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जस्ताच्या लेपाची पट्टी रूढ केली. ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. त्यानंतरची गोष्ट एका रोग्याची आहे. अमेरिकेतील टोलेडो शहरी कॉनराड योब्स्ट हा यंत्रशास्त्रज्ञ याच विकाराने बेजार झाला होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पाय हलके वाटतात, हे त्याच्या ध्यानी आले. पाण्याचा दाब तळाशी सर्वांत जास्त आणि वर कमी असतो. तसाच चढत्या क्रमाने कमी होणारा दाब मोज्याने दिला तर? त्यातून 1950 च्या सुमारास घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारा मोजा निर्माण झाला. जे डॉक्टरांना सुचले नाही ते रोग्याच्या पायाने शिकवले. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ज्याच्या रोहिण्याच अरुंद झाल्या आहेत, त्याच्या पायाला असा दाब अपाय करतो. म्हणून घट्ट मोजा वा पट्टी वैद्याच्या परीक्षेवाचून वापरू नये.

तिसरा मार्ग सुईचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पिचकारी आली तशी शिरेत दाहक द्रव्ये टोचण्याचे प्रयोग झाले आणि ते जिवावर बेतले म्हणून मागे पडले. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे जर्मनीत लिन्सर आणि फ्रान्समध्ये सिकार यांना उपदंशाची औषधे टोचताना दिसले की ज्या शिरेत सुई जाते ती पुढे बुजते. त्यांनी या उपद्रवाचाच उपाय केला. पुढे सौम्य औषधे आली. पण पातळ औषध रक्तात मिसळून पांगते आणि मोठ्या शिरेत त्याची ताकद उरत नाही. स्पेनमधील हुआन काब्रेरा याने 1995 मध्ये औषधाचा फेस करून टोचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. फेस रक्तात न मिसळता त्याला बाजूला सारतो आणि शिरेच्या भिंतीला चिकटून काम करतो. थोड्याच वर्षांत इटलीच्या तेस्सारीने दोन पिचकाऱ्या आणि तीन तोंडांची एक तोटी एवढ्यावर फेस करून दाखवला.

हे सारे शक्य झाले ते डोळ्यांना नवी दृष्टी मिळाल्यामुळे. ट्रेंडेलेनबुर्गने बोटाने चाचपून जे ओळखले, ते 1970 नंतर श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या यंत्रावर प्रत्यक्ष दिसू लागले. रक्त कोणत्या दिशेला वाहते, कोणती झडप किती क्षण गळते, हे रोग्याला इजा न करता कळू लागले. एकदा शीर दिसू लागल्यावर ती उपटण्याचे कारण उरले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोनतीन वर्षांत युरोप-अमेरिकेत नवी पद्धत सुरू झाली. गुडघ्याजवळ सुईच्या छिद्रातून बारीक नळी शिरेत घालावयाची, भोवती बधिर करणारे पाणी भरावयाचे आणि लेसर किरणांनी वा रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर आतूनच मिटवावयाची. रेडिओलहरींच्या एका प्रचलित साधनात तापमान 120 अंश सेल्सिअस असते. रोगी त्याच दिवशी चालत घरी जातो. 2015 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने शीर चिकटवून बंद करणाऱ्या द्रव्यालाही मान्यता दिली. काहींना त्याचे वावडे येते, हेही नंतर दिसून आले.

नवे ते चांगलेच, असे मानण्याचा मोह प्रत्येक पिढीला होतो. अलीकडच्या संशोधनाचे श्रेय हे की त्याने हा मोह आवरला आणि पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या. डेन्मार्कमध्ये 500 रोग्यांवर लेसर, रेडिओलहरी, फेस आणि शीर ओढून काढणे या चारही उपायांची तुलना झाली. तिचे फलित 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. रोग्यांना बरे वाटण्याचे प्रमाण चहूंकडे जवळपास सारखे होते. फेस आणि रेडिओलहरी यांनी माणूस लवकर कामावर गेला, पण फेसाने मिटवलेल्या शिरा अधिक वेळा पुन्हा उघडल्या. ब्रिटनमधील 798 रोग्यांच्या परीक्षणात पाच वर्षांनंतर लेसर आणि शस्त्रक्रिया या दोन्ही पद्धती फेसापेक्षा सरस ठरल्या. हे 2019 मध्ये कळले. जुन्या शस्त्रक्रियेला कोणी टाकाऊ म्हणू नये, हा त्याचा एक धडा. ब्रिटनच्या राष्ट्रीय संस्थेने 2013 मध्ये क्रम लावून दिला : आधी उष्णता, ती नच जमली तर फेस, तोही नाही तर शस्त्र.

आमच्या मते सर्वांत मोलाचे संशोधन व्रणाविषयीचे आहे, कारण ते गरिबाच्या पायाशी भिडते. 2004 मध्ये 500 रोग्यांच्या परीक्षणाने दाखवले की नुसत्या पट्टीने आणि पट्टीसह शस्त्रक्रियेने व्रण सारखेच भरतात. पण वर्षभरात पुन्हा फुटण्याचे प्रमाण नुसत्या पट्टीत शंभरी 28 होते, तर शस्त्रक्रियेने ते 12 वर आले. व्रण बुजवणे हे पट्टीचे काम, तो पुन्हा न होऊ देणे हे झडपेच्या उपचाराचे काम, असा त्याचा अर्थ झाला. मग प्रश्न उरला तो वेळेचा. आधी व्रण भरू द्या, मग शिरेचे पाहू, अशी सर्वत्र वहिवाट होती. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील परीक्षणात 20 केंद्रांतील 450 रोग्यांचे दोन गट केले. पट्टी दोघांनाही होती. एका गटाची शीर दोन आठवड्यांच्या आत मिटवली, दुसऱ्या गटाची व्रण भरल्यावर किंवा सहा महिन्यांनी. पहिल्या गटात व्रण भरण्याचा मध्यम काळ 56 दिवसांचा, दुसऱ्यात 82 दिवसांचा आला. 26 दिवसांचा हा फरक रोजंदारीवरच्या माणसाच्या हिशेबात जवळजवळ एका महिन्याची मजुरी आहे. थांबणे हा संयम नव्हता, ते नुकसान होते.

पण विज्ञानाचा हा विजय सांगून थांबलो तर आम्ही अर्धेच सत्य सांगितले असे होईल. उपचार सुधारला म्हणून रोगाचे कारण नाहीसे होत नाही. हा बायकांचा रोग, बाळंतपणाचा रोग, असे सर्रास म्हणतात. बाळंतपणाचा संबंध आहे, परंतु एडिंबरो शहरातील 18 ते 64 वर्षे वयाच्या 1,566 लोकांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले, फुगलेल्या मोठ्या शिरा पुरुषांत शंभरी 40 आणि स्त्रियांत 32 आढळल्या. आनुवंशाचा वाटा मोठा आहे. ब्रिटनमधील सुमारे पाच लाख लोकांच्या माहितीवरून 2018 मध्ये असेही दिसले की उंच माणसाला हा विकार होण्याचा संभव अधिक. आईबापांकडून आलेल्या झडपा आणि उंची कोणाला बदलता येत नाहीत. बदलता येते ते उभे राहणे. डेन्मार्कमध्ये बारा वर्षे पाठपुरावा करून 2005 मध्ये निष्कर्ष निघाला की बहुतांश वेळ उभ्याने काम करणाऱ्यांना या विकारासाठी रुग्णालयात जाण्याचा संभव इतरांच्या पावणेदोन पटीच्या घरात असतो.

म्हणून या इतिहासाची काही पाने वैद्यकाच्या ग्रंथांत नाहीत, ती कायद्याच्या पुस्तकांत आहेत. ब्रिटनने 1899 मध्ये कायदा करून दर तीन विक्रेत्या स्त्रियांमागे एक आसन ठेवणे दुकानदारांना भाग पाडले. आपल्या देशात केरळातील कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी दिवसभर उभे राहण्याविरुद्ध चळवळ केली. गिऱ्हाईक नसतानाही त्यांना बसण्याची मुभा नसे, आणि पायांच्या शिरांचे दुखणे ही त्यांची एक मोठी तक्रार होती. 2018 मध्ये केरळाने दुकानांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली, आणि 2021 मध्ये तमिळनाडूने तेच केले. लेसरचे यंत्र शोधणाऱ्यांचा आम्ही आदर करतो. पण एका स्टुलासाठी झगडणाऱ्या या बायकांनाही वैद्यकाच्या इतिहासात जागा मिळाली पाहिजे, असे आम्हांस वाटते. पायावर व्रण असताना उभे राहू नये, हे हिपोक्रेटिसच्या परंपरेने सांगितले होते. ते पाळण्याची सोय मजुराला मिळावी म्हणून मात्र कायदा करावा लागला.

मारियसने दुसरा पाय मागे घेतला तेव्हा त्याचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्या काळच्या उपचारात तोच हिशेब बरोबर होता. आज तो हिशेब बदलला आहे. प्रत्येक फुगलेल्या शिरेला उपचार हवाच असे नाही, पुष्कळांना चालणे, बसताना पाय वर ठेवणे आणि योग्य मोजा एवढे पुरते. पण ज्याची कातडी काळवंडली आहे, ज्याचा व्रण भरून पुन्हा फुटतो आहे, त्याने यातनांच्या भयाने मागे राहण्याचे कारण उरलेले नाही. जे उरले आहे ते पैशाचे, रजेचे आणि अज्ञानाचे कारण, आणि ते दूर करणे एकट्या डॉक्टरच्या हाती नाही.

ते वृद्ध नाभिक आता नाहीत. त्यांच्या जखमेकडेच आम्हा सर्वांचे लक्ष असे. शेवटच्या वर्षांत त्यांचा दुसरा पायही घोट्यापाशी काळा पडू लागला होता, हे पाहूनही त्याचा अर्थ आम्हांला तेव्हा कळला नाही. एक पाय जखमेने बोलतो तेव्हा दुसरा गप्प असतो, परंतु वेळ असते ती त्याच्याच बाबतीत. श्रोत्यांनी घरी गेल्यावर दिवसभर उभे राहणाऱ्या आपल्या माणसाच्या पायांकडे एकदा निरखून पाहावे, आणि दोन्ही पाय पाहावेत, एवढेच आमचे मागणे आहे.